जिन्याचा भागाकार: कोटेशनवर सही करण्याआधी काय मोजायचं?

घराचं नूतनीकरण काढलं की कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये फरशी, रंग, प्लंबिंग, वायरिंग यांच्या वेगवेगळ्या ओळी असतात. जिन्याला मात्र बहुतेक वेळा एकच ओळ मिळते: 'आर.सी.सी. जिना, ग्रॅनाइट व रेलिंगसह, एकरकमी'. आपण ती ओळ वाचतो, आकड्यात थोडी घासाघीस करतो आणि किचनच्या ट्रॉल्यांकडे वळतो.

जिना ही घरातली अशी गोष्ट आहे, की तिथली अर्ध्या इंचाची चूक रोज पायांना कळते आणि काँक्रीट ओतून झाल्यावर ती दुरुस्त करायची तर तोडफोडीशिवाय मार्ग नसतो. माणसाच्या चालण्याचं यंत्रशास्त्र हा माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे जिन्याकडे मी आधी पायांच्या बाजूने बघते. पण आज पायांचा हिशेब आणि पैशांचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघू. सोयीचा जिना अवघड जिन्यापेक्षा किती महाग पडतो? उत्तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरंच कमी आहे.

दर गावोगाव बदलतात, म्हणून रुपयांऐवजी मापं देते. तुमच्या भागातला दर लावलात की तुमचा आकडा तयार.

आधी भागाकार

समजा, तुमचं एकमजली घर आहे आणि वर दोन खोल्या चढवायच्या आहेत. खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंतची उंची १० फूट, म्हणजे १२० इंच. ही उंची सगळ्या पायऱ्यांमध्ये समान वाटायची आहे. एका पायरीच्या उभ्या उंचीला रायझर म्हणतात आणि पाय ठेवायच्या आडव्या भागाला ट्रेड.

१२० भागिले १६ केलं तर रायझर साडेसात इंच. १८ ने भागलं तर सुमारे ६.६७ इंच. २० ने भागलं तर बरोबर ६ इंच. पायऱ्या वाढल्या की चढ सौम्य होतो, पण जिना लांब होतो आणि जागा जास्त खातो.

राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार राहत्या घरात रायझर जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि ट्रेड कमीत कमी २५० मिलिमीटर हवा. म्हणजे ढोबळमानाने साडेसात इंच आणि दहा इंच. ही मर्यादा आहे, शिफारस नाही. परीक्षेत पास व्हायला ३५ गुण लागतात, म्हणून कोणी ३५ चं ध्येय ठेवत नाही. पण जिन्याच्या बाबतीत नेमकं तेच होतं. जागा वाचते म्हणून साडेसात-दहाचा जिना सर्रास ओतला जातो.

मग चांगलं माप कोणतं? याचं एक जुनं सूत्र आहे. फ्रेंच वास्तुविशारद फ्राँस्वा ब्लाँडेल याने सतराव्या शतकात, १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ते मांडलं. त्याचा तर्क असा: सपाट जमिनीवर माणसाचं एक पाऊल २४ इंचांचं पडतं, आणि सरळ उभ्या शिडीवर १२ इंचांचं. म्हणजे एक इंच वर जाणं हे दोन इंच पुढे जाण्याइतकं पडतं. म्हणून रायझरची दुप्पट अधिक ट्रेड यांची बेरीज २४ इंच यायला हवी. त्या काळचा फ्रेंच इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा होता. आज आपण ही बेरीज साधारण २४ ते २५ इंच धरतो.

साडेसात-दहाच्या जिन्याची बेरीज २५ येते. ६.६७ इंच रायझर आणि ११ इंच ट्रेड घेतला, तर २४.३ येते. दोन्ही सूत्रात बसतात! सूत्र फक्त पावलाची लय सांगतं. गुडघ्यावर काय होतं ते सांगत नाही.

गुडघ्याचा हिशेब

६० किलो वजनाचा माणूस १० फूट चढतो तेव्हा गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १,८०० ज्यूल काम करतो. पायऱ्या १६ असोत की १८, हा आकडा बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की हे काम किती हप्त्यांत विभागलं जातं. रायझर उंच असेल तर प्रत्येक पायरीला गुडघा जास्त वाकतो आणि वाकलेल्या गुडघ्यावरच अख्खं शरीर उचलावं लागतं.

गुडघ्यातला भार प्रत्यक्ष मोजलेला आहे. बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच भारमापक बसवून पाच रुग्णांच्या गुडघ्यांतली बलं नोंदवली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सपाट चालताना सांध्यावरचं कमाल बल सरासरी शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, जिना चढताना ३१६ टक्के आणि उतरताना ३४६ टक्के निघालं. सांध्याभोवतीचे स्नायू ताणले जाऊन हाडं एकमेकांवर दाबतात, म्हणून हा भार वजनाच्या कितीतरी पट होतो. ६० किलोच्या माणसासाठी उतरतानाचा आकडा दोनशे किलोंच्या पुढे जातो. 'चढायला काही नाही गं, उतरताना दुखतं' असं घरातली आजी म्हणते, तेव्हा ती हेच निरीक्षण सांगत असते.

फरक किती रुपयांचा?

आता दोन्ही जिने कागदावर मांडू. दोन्ही यू आकाराचे, म्हणजे मध्ये लँडिंग घेऊन उलट फिरणारे. प्रत्येक बाजू ३ फूट रुंद, दोन्हींच्या मध्ये ४ इंच फट, लँडिंग ३ फूट.

पहिला जिना १६ रायझरचा, साडेसात-दहाचा. प्रत्येक बाजूला ८ रायझर आणि ७ ट्रेड, कारण आठवा ट्रेड म्हणजे लँडिंग किंवा वरची फरशी. जिन्याची लांबी लँडिंगसह ८ फूट १० इंच. व्यापलेली जागा सुमारे ५६ चौरस फूट.

दुसरा जिना १८ रायझरचा, ६.६७-अकराचा. प्रत्येक बाजूला ९ रायझर आणि ८ ट्रेड. लांबी १० फूट ४ इंच. जागा सुमारे साडेपासष्ट चौरस फूट.

फरक साडेनऊ चौरस फूट. दोन लोखंडी कपाटं शेजारी शेजारी ठेवायला लागते, जवळजवळ तेवढी जागा. शिवाय जिन्याखालची जागा वापरात येतेच.

आता माल बघू. जिन्याखालचा तिरपा स्लॅब ६ इंच जाड धरला, तर पहिल्या जिन्याला सुमारे ४२ घनफूट काँक्रीट लागतं आणि दुसऱ्याला सुमारे ४७ घनफूट. फरक पाच घनफुटांचा. एम-२० काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट धरतात, म्हणजे या फरकाला सिमेंटचं एखादं पोतं आणि वर थोडं. सळई घनमीटरमागे १०० किलो धरली तर १५ किलोंच्या आत. (नेमकी जाडी आणि सळई स्ट्रक्चरल इंजिनीअरच ठरवणार, हा अंदाज फक्त तुलनेसाठी.)

ग्रॅनाइट पहिल्याला सुमारे ८८ चौरस फूट, दुसऱ्याला ९७. रायझरला लागणारं ग्रॅनाइट दोन्हींत सारखंच, ३० चौरस फूट. कारण एकूण उंची १० फूट आणि रुंदी ३ फूट, मग तुकडे कितीही करा. वाढतात ते फक्त ट्रेड. पायरीच्या कडेचं मोल्डिंग ४८ रनिंग फुटांऐवजी ५४. रेलिंग अडीच-तीन फूट जास्त.

ही सगळी वाढ तुमच्या गावच्या दराने मांडा आणि एकूण नूतनीकरणाच्या खर्चाशेजारी ठेवून बघा. मग घरातली माणसं पुढची तीस-चाळीस वर्षं दिवसातून किती वेळा चढ-उतार करणार आहेत, तेही लिहा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फरशीवाले कारागीर जिन्याचा दर पुष्कळदा पायरीवर सांगतात. तसा दर असेल तर १६ ऐवजी १८ पायऱ्या म्हटल्यावर मजुरी वाढते, आणि 'कशाला एवढ्या पायऱ्या' असा सल्ला मिळतो. सल्ल्यामागे दराचं एकक असू शकतं, एवढं भान ठेवा.

पायऱ्या विषमच हव्यात?

आपल्याकडे विषम संख्येच्या पायऱ्या शुभ मानतात. तुमच्या घरी हा आग्रह असेल तर भांडू नका, १७ ने भागा. रायझर सुमारे ७.०६ इंच, ट्रेड साडेदहा, बेरीज २४.६. एका बाजूला ९ आणि दुसऱ्या बाजूला ८ रायझर. जिना १० फूट लांब होतो. उत्तम तडजोड आहे.

भागाकार आधीच केला तर विषम संख्येने काही बिघडत नाही. बिघडतं ते सम संख्येचा जिना ओतून झाल्यावर 'एक पायरी वाढवा' म्हणत खाली किंवा वर बुटकी पायरी चिकटवली की. त्या एका पायरीने सगळ्या जिन्याची लय मोडते, आणि आता तोच मुद्दा घेऊ.

चार सूत

२०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका भुयारी रेल्वे स्थानकाच्या जिन्याचा व्हिडिओ खूप गाजला. तिथली एक पायरी इतरांपेक्षा जेमतेम अर्धा इंच उंच होती. व्हिडिओत माणसामागून माणूस त्याच पायरीवर अडखळताना दिसतो. म्हातारे, तरुण, बॅगवाले, मूल कडेवर घेतलेले, सगळे. व्हिडिओ पसरल्यावर तो जिना दुरुस्त झाला.

असं का होतं? जिना चढताना आपण प्रत्येक पायरी बघत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत मेंदू उंचीचा अंदाज बांधतो आणि पुढचं सगळं त्या अंदाजावर चालतं. जिना अक्षरशः अंगवळणी पडतो. पाऊल पायरीच्या कडेवरून जाताना फार थोडं अंतर राखून जातं, कारण विनाकारण जास्त उचलणं म्हणजे वाया गेलेली ऊर्जा. मग मध्येच एक पायरी अर्धा इंच उंच निघाली, की ते राखलेलं अंतर संपतं.

म्हणूनच अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत एका जिन्यातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान रायझरमधला फरक ३/८ इंचापेक्षा जास्त चालत नाही. आपल्या गवंड्याच्या भाषेत तीन सूत.

आता तुमच्या घराकडे वळू. नूतनीकरणात हा फरक तयार होण्याची एक ठरलेली वाट आहे, ती म्हणजे फरशी. जुनी फरशी न उखडता तिच्यावरच नवी टाइल चिकटवायची हल्ली पद्धत आहे. टाइल आणि खालचा चिकट थर मिळून जमीन साधारण अर्धा इंच वर येते, म्हणजे चार सूत. जिना तसाच ठेवून फक्त खालच्या मजल्यावर टाइल बसवली, तर पहिली पायरी चार सूत बुटकी होते. फक्त वरच्या मजल्यावर बसवली, तर शेवटची पायरी चार सूत उंच होते. हा प्रकार जास्त घातक, कारण वरून उतरताना पहिलंच पाऊल अपेक्षेपेक्षा खोल जातं, आणि जिन्यावरून गंभीर पडणं हे बहुतांशी उतरतानाच घडतं.

उलटही होतं. फरश्या तशाच ठेवून फक्त जिन्याला ग्रॅनाइट बसवलं, तर पहिली पायरी उंच आणि शेवटची बुटकी होते. मधल्या सगळ्या अगदी समान असतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आणि फुकट आहे. जिन्याचा भागाकार नेहमी तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत करायचा. खाली, वर आणि पायरीवर नेमका किती जाडीचा थर येणार, हे सेंट्रिंग लावण्याआधी ठरलेलं हवं. म्हणजे ग्रॅनाइट आणि टाइल काँक्रीट ओतण्याच्या आधी पसंत करायची, नंतर नाही.

स्लॅबमधलं भोक

आहे त्या घरात आतून नवा जिना घ्यायचा असेल, तर अंदाजपत्रकातली सर्वांत मोठी अनिश्चितता जिन्यात नसते, वरच्या स्लॅबमध्ये असते. जिना सरळसोट घ्यायचा ठरवलात, असं समजा. १८ रायझर, १७ ट्रेड, लांबी १५ फूट ७ इंच. स्लॅब ५ इंच जाड आणि डोक्यावर किमान ७ फूट मोकळी जागा हवी. हिशेब केला तर पहिल्या चार पायऱ्याच स्लॅबखाली बसतात. पाचवीपासून पुढे डोक्यावर स्लॅब असून चालत नाही. म्हणजे १३ ट्रेडच्या लांबीचं, जवळजवळ १२ फूट लांब आणि ३ फूट रुंद भोक पाडावं लागतं.

स्लॅबमधल्या सळया भार वाहून तुळईपर्यंत नेतात. त्या कापल्या की तो भार दुसरीकडून न्यावा लागतो. त्यासाठी भोकाच्या कडेने नव्या तुळया किंवा लोखंडी गर्डर घ्यावे लागतात, आणि कापण्याआधी खालून टेकू द्यावे लागतात. कुठून कापायचं हे स्ट्रक्चरल इंजिनीअरनेच सांगायचं, ब्रेकर हातात असलेल्या माणसाने नाही. त्याची फी ही या कामातली वाचवू नये अशी पहिली रक्कम. असा बदल करायला स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागते. इमारतीत राहत असाल तर सोसायटीचीही.

ओळ फोडून घ्या

आता त्या 'एकरकमी' ओळीकडे परत येऊ. कंत्राटदाराला ती फोडून द्यायला सांगा. प्रत्येक कामाचं एकक वेगळं असतं: काँक्रीट घनफुटावर किंवा घनमीटरवर, सळई किलोवर, सेंट्रिंग चौरस फुटावर, ग्रॅनाइट चौरस फुटावर, मोल्डिंग आणि रेलिंग रनिंग फुटावर. लोखंडी जिना करणार असाल तर फॅब्रिकेटर बहुतेक किलोवर दर सांगतो, म्हणून अंदाजे वजन लेखी घ्या. नाहीतर दर कमी आणि वजन भरमसाट, असं होतं.

कोटेशनमध्ये हटकून राहून जाणाऱ्या बाबी या:

- जुना जिना किंवा स्लॅब तोडणं आणि राडारोडा उचलून नेणं
- वरच्या मजल्यावर भोकाभोवतीचा कठडा (जिन्याचं रेलिंग मोजलं जातं, हा विसरला जातो)
- जिन्याखालच्या तिरप्या बाजूचं प्लास्टर आणि रंग
- ग्रॅनाइटची नासधूस, साधारण १० टक्के
- खाली आणि वर दोन्हीकडून चालणारं दिव्याचं बटण
- काम चालू असताना वर जायची तात्पुरती सोय

शेवटची बाब वेळेशी जोडलेली आहे. भारतीय मानक आयएस ४५६ प्रमाणे, गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस ठेवायचे, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायचं आणि पीपीसीसारख्या मिश्र सिमेंटला किमान १०. या दिवसांत घाई करून पैसे वाचत नाहीत. या सगळ्यावर १० ते १५ टक्के रक्कम अनपेक्षित खर्चासाठी बाजूला ठेवा, कारण जुन्या स्लॅबच्या पोटात काय आहे ते तोडल्यावरच कळतं.

स्वस्तातली सुरक्षा

जुन्या वाड्यांचे लाकडी जिने शिडीसारखे उभे असायचे, आणि धरायला वरून एक दोरखंड सोडलेला असायचा. चढ अवघड आहे, तर हाताला आधार हवा, हे शहाणपण त्यात होतं. आज चकचकीत काचेचं रेलिंग बसवताना नेमकं तेच सुटतं. रेलिंग बघायला असो नसो, मुठीत मावणारा अखंड कठडा हवा.

पायरीची कड दिसली पाहिजे. काळ्या ग्रॅनाइटवर काळीच कड असेल, तर उतरताना पायरी कुठे संपते ते मंद उजेडात कळत नाही. वेगळ्या रंगाची पट्टी आणि कडेला दोन-तीन खाचा, एवढ्याने काम होतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. पायरीच्या उभ्या भागावर उभ्या रेघा काढल्या आणि कड ठळक केली, तर पायरी आहे त्यापेक्षा उंच भासते आणि माणसं आपोआप पाऊल जास्त उचलतात. दृष्टिभ्रमच, पण उपयोगाचा. रंगाचा एक डबा पुरतो.

तुमच्या घरात आज जिना असेल, तर टेप घ्या आणि प्रत्येक रायझर मोजून कागदावर लिहा. पहिला आणि शेवटचा विशेष नीट मोजा. तीन सुतांपेक्षा जास्त फरक निघाला, तर नूतनीकरणाच्या यादीत तो किचनच्या ट्रॉल्यांच्या वर लिहा. नवा जिना होणार असेल, तर सेंट्रिंग लागण्याआधी भिंतीवर खडूने खऱ्या मापाच्या पायऱ्या आखून घ्या, लेव्हलची नळी लावून. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला तिथे बोलवा आणि पहिल्या आखलेल्या पायरीच्या उंचीच्या विटांवर चढून-उतरून बघायला सांगा. त्यांना जमलं, की कोटेशनवर सही करा.